‘मिथिंक्स’मधला ‘मी’ म्हणजे ‘मला’

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही एम.ए.साठी शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ वाचता आहात. राणी गर्ट्रूडच्या ‘द लेडी डथ प्रोटेस्ट टू मच, मिथिंक्स’ या प्रसिद्ध वाक्याच्या शेवटी ‘मिथिंक्स’ येतं आणि तळटीपेत ‘म्हणजे आय थिंक’ एवढंच दिलेलं आहे. शिकवणीतल्या सरांनी सांगितलं की जुन्या इंग्रजीत ‘आय’च्या जागी ‘मी’ चालत असे. तुम्हाला ते पटलं नाही, कारण तसं असेल तर शेवटचा ‘एस’ कुठून आला? शिवाय तुम्ही विचारलंय की हे आपल्या ‘मला वाटतं’सारखं दिसतं, तर दोघांचं मूळ एकच असेल का?

पहिली शंका अगदी रास्त आहे. सरांचं उत्तर चुकीचं आहे, पण त्यांना फार बोल लावू नका. शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी मीही वर्गात हेच ठोकून दिलं होतं. मागच्या बाकावरच्या एका मुलानं तुमचाच ‘एस’ काढला. तेव्हा मी ‘कवींना सूट असते’ असं म्हणून वेळ मारून नेली आणि संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन बसले. त्यानंतरची बरीच वर्षं इंग्रजी भाषेचा इतिहास शिकवण्यात गेली, आणि या एका शब्दावर माझा दरवर्षी एक पूर्ण तास जातो.

आपली मराठी माणसांची इथे दुहेरी फसगत होते. इंग्रजी ‘मी’ कानाला थेट आपल्या ‘मी’सारखा लागतो. त्यामुळे ‘मी थिंक्स’ ऐकलं की ‘मी विचार करतो’ असा अर्थ आपोआप जुळतो. इंग्रजीतला ‘मी’ मात्र ‘मला’ आहे, ‘गिव्ह मी’ मधला. हे एवढं पक्कं धरलं की अर्धं काम होतं.

आता ‘एस’. माझी पद्धत अशी की जुनं क्रियापद समोर आलं की अर्थाकडे नंतर बघायचं, आधी शेपटी बघायची. शेपटी सांगते की क्रियापद कुणाच्या ताब्यात आहे. वर्गात मी एका मुलाला आणि एका मुलीला उभं करते आणि दोघांना आधी ‘समजणे’ वापरून बोलायला सांगते. मुलगा म्हणतो ‘मी समजतो’, मुलगी म्हणते ‘मी समजते’. मग ‘वाटणे’ वापरायला सांगते. दोघंही म्हणतात ‘मला वाटतं’. तिथे वर्ग जरा गप्प होतो. आयुष्यभर बोलत आलेल्या वाक्याकडे पहिल्यांदा बघितलेलं असतं. ‘वाटतं’ला बोलणारा पुरुष आहे की बाई याच्याशी काही देणंघेणं नाही. वाटणारी वस्तू वाक्यात असेल तर क्रियापद तिच्यामागे जातं: मला हा मुलगा हुशार वाटतो, मला ही मुलगी हुशार वाटते. वस्तू नसेल तर ते तृतीयपुरुषी नपुंसकलिंगी एकवचनात स्वस्थ बसतं.

‘मिथिंक्स’मधला ‘एस’ तोच आहे. तो तृतीयपुरुषी एकवचनाचा प्रत्यय आहे, ‘इट सीम्स’मधला. ‘मी’ हा कर्ता असता तर ‘आय थिंक’ प्रमाणे ‘मी थिंक’ झालं असतं, ‘एस’ला जागाच नव्हती. म्हणजे ‘मिथिंक्स’ हे एक आटोपशीर वाक्य आहे: ‘मला’ अधिक ‘वाटतं’.

पण ‘थिंक’चा अर्थ तर ‘विचार करणे’ आहे, ‘वाटणे’ कसा? खरी गंमत इथे आहे. शब्दकोश उघडला तर कळतं की हा आपल्या ओळखीचा ‘थिंक’ नाहीच. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. एक ‘थेन्कन’, म्हणजे विचार करणे; त्याचा भूतकाळ ‘थोह्ते’. दुसरं ‘थ्युन्कन’, म्हणजे वाटणे, भासणे. त्याचा भूतकाळ ‘थूह्ते’. (उच्चार देवनागरीत अंदाजे देते आहे. ‘थ्यु’मधला स्वर हवा असेल तर ओठांचा चंबू करा आणि चंबू न सोडता ‘इ’ म्हणा.) मूळ धातू एकच, आतला स्वर वेगळा. आपल्याकडे तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे ही जोडपी आहेत ना, तसंच काहीसं. तुटणे आपोआप होतं, तोडायला कुणीतरी लागतं. ‘थ्युन्कन’ही आपोआप व्हायचं आणि ज्याला ते व्हायचं तो चतुर्थीत असायचा.

पुराव्यासाठी मी नेहमी एकच वाक्य फळ्यावर लिहिते. इंग्लंडच्या वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड यानं नवव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे 890 च्या दशकात, पोप ग्रेगरी यांच्या धर्मगुरूंसाठी लिहिलेल्या लॅटिन ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि त्याच्या प्रती बिशपांना पाठवल्या. वूस्टरच्या बिशपाला पाठवलेली प्रत आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. तिच्या प्रस्तावनेत राजा म्हणतो: ‘फॉर्थी मे थ्युन्क्थ बेत्रे, यिफ ईओव स्वॅ थ्युन्क्थ...’ आता शब्दाला शब्द लावून मराठी करा. म्हणून मला वाटतं बरं, जर तुम्हाला असं वाटतं... पुढचं म्हणणं असं, की सर्वांना माहीत असायला हवीत अशी काही पुस्तकं आपण सगळ्यांना कळेल अशा भाषेत आणावीत.

या वाक्यात दोन गोष्टी एका दमात सिद्ध होतात. एक, ‘मे’ आणि ‘ईओव’ ही दोन्ही चतुर्थीची रूपं आहेत: मला, तुम्हाला. दुसरी, क्रियापद दोन्ही ठिकाणी अक्षरशः तेच आहे, ‘थ्युन्क्थ’. माणूस बदलला तरी क्रियापद हललं नाही. कर्ता ‘मी’ आणि ‘तुम्ही’ असते तर इंग्रजीला दोन वेगळे प्रत्यय लावावे लागले असते. त्या काळी इंग्रजीत ते शिल्लक होते.

दुसरी साक्ष मी बहीणभाषांकडून काढते. एकच भाषा बघून मूळ सांगणं म्हणजे एका भावाचं ऐकून वाटणीचा निवाडा देणं. जर्मनमध्ये ‘डेंकन’ म्हणजे विचार करणे आणि ‘ड्युंकन’ म्हणजे वाटणे, दोन्ही आजही वेगळी आहेत, फक्त दुसरं जुनाट झालंय. डचमध्येही ‘डेंकन’ आणि ‘डंकन’ अशी जोडी आहे. आइसलँडिक लोक अजून ‘मला’ला चतुर्थीत ठेवून ‘म्येर थिकिर’ म्हणतात, तेच क्रियापद. स्वीडिशमध्ये मात्र याच शब्दाचा नातू ‘टिकर’ आहे आणि तिथे बोलणारा कर्त्याच्या खुर्चीवर जाऊन बसलाय: ‘मला वाटतं’चं ‘मी वाटतो’ झालंय. इतक्या भाषांत जोडी सापडते, तेव्हा ती इंग्लंडात तयार झालेली नाही. ती या सगळ्या भाषांच्या सामाईक पूर्वजापासून चालत आलेली आहे.

मग इंग्रजीत दोन्ही एक कसे झाले? हा निव्वळ उच्चारांचा अपघात आहे. चंबूचा तो स्वर इंग्रजीच्या बऱ्याचशा बोलींत पुढे साधा ‘इ’ झाला, म्हणून ‘थ्युन्कन’चं ‘थिंक’ झालं. इकडे ‘थेन्कन’मधला ‘ए’ अनुनासिक आणि ‘क’ किंवा ‘ग’ यांच्या आधी आल्यामुळे वर सरकून ‘इ’ झाला. हा बदल तुम्ही रोज वापरता. ‘इंग्लंड’चं इंग्रजी स्पेलिंग ‘ई’ अक्षरानं सुरू होतं, तरी आपण ‘एंग्लंड’ म्हणत नाही, ते याच सरकण्यामुळे. दोन रस्ते, दोन कारणं, मुक्काम एक: ‘थिंक’. भूतकाळांचंही तसंच झालं, ‘थोह्ते’ आणि ‘थूह्ते’ दोघांना ‘थॉट’नं गिळलं. (भूतकाळात ‘न’ का नाही, हे विद्यार्थी हटकून विचारतात. ‘ह’च्या आधीचा ‘न’ फार पूर्वीच गळाला आणि जाताना आधीचा स्वर लांबवून गेला. ‘ब्रिंग’चं ‘ब्रॉट’ होतं तेही तसंच.)

चौदाव्या शतकातल्या चॉसर या कवीकडे आलात की ‘वाटणे’ अजून ठणठणीत जिवंत आहे, आणि केवळ ‘मला’बरोबर नाही. ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत तो स्वतःविषयी ‘मी थिंकेथ’ म्हणतो: प्रत्येक प्रवाशाची माहिती आधी द्यावी, हे मला सयुक्तिक वाटतं. त्याच प्रस्तावनेच्या शेवटाकडे खाणावळीचा मालक एक बेत सुचवतो, तेव्हा सगळ्या यात्रेकरूंच्या वतीनं चॉसर लिहितो ‘अस थॉट’, आम्हाला वाटलं, की याचा उगाच खल करण्यात अर्थ नाही. ‘वी’ नाही, ‘अस’. तुमच्या सरांचा ‘आयऐवजी मी’ हा नियम इथे आणखी लंगडा पडतो, कारण मग ‘वीऐवजी अस’, ‘हीऐवजी हिम’ असे नियम एकामागोमाग एक करावे लागतील. ‘हिम थॉट’ही चॉसरकडे आहे.

चॉसरकडे शेपूट ‘एथ’ आहे आणि शेक्सपिअरकडे ‘एस’, याचं कारण भूगोलात आहे. ‘एथ’ हे दक्षिणेकडचं रूप, ‘एस’ उत्तरेकडचं. उत्तर इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नच्या लॅटिन शुभवर्तमानांवर दहाव्या शतकात ओळींच्या मधे लिहिलेल्या उत्तरी इंग्रजी अर्थांत हा ‘एस’ दिसतो. चॉसरनं तर ‘कँटरबरी टेल्स’मधल्या ‘रीव्ह’च्या, म्हणजे जहागिरीच्या कारभाऱ्याच्या गोष्टीत उत्तरेकडच्या दोन विद्यार्थ्यांची गावंढळ बोली दाखवायला मुद्दाम त्यांच्या तोंडी ‘एस’ घातला; लंडनकरांनी ऐकून हसावं म्हणून. आपल्याकडे नाटकात वऱ्हाडी किंवा मालवणी पात्र आणतात तसं. दोनशे वर्षांनी तोच ‘एस’ लंडनचा प्रमाण प्रत्यय होऊन बसला, आणि आज शाळेत तो विसरला तर गुण कापतात. मला हा भाग शिकवताना दरवेळी तितकीच मजा येते.

शेक्सपिअरच्या काळात दोन्ही प्रत्यय बाजारात चालू होते. तुमच्या वाक्याचंच बघा. 1623 साली त्याच्या नाटकांचा जो एकत्रित मोठा ग्रंथ निघाला, त्याची छायाचित्रं इंटरनेटवर फुकट बघता येतात. त्यात गर्ट्रूडच्या या ओळीत ‘डथ’ (आजचं ‘डज’) नाहीच, ‘प्रोटेस्ट्स’ आहे, आणि शेवटी ‘मी’ आणि ‘थिंक्स’ हे दोन सुटे शब्द छापलेत. त्याआधीच्या लहान आकाराच्या आवृत्तीत ‘डथ प्रोटेस्ट’ आहे, पण ‘मी थिंक्स’ तिथेही सुटंच. म्हणजे आपल्याला जो एक गूढ जोडशब्द वाटतो, तो तेव्हाच्या छापखान्यातल्या जुळाऱ्याला दोन शब्दच दिसत होता. 1611 च्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरानं मात्र जुना ‘एथ’च धरून ठेवला. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात बुरुजावरचा पहारेकरी लांबून पळत येणारा माणूस बघतो आणि म्हणतो ‘मी थिंकेथ’, पुढच्याची धाव अहीमास नावाच्या माणसासारखी वाटते.

हा पहारेकरी अर्थ समजून घ्यायला फार उपयोगी आहे. तो विचार करत नाहीये. त्याला लांबून काहीतरी दिसतंय आणि मनात एक अंदाज उमटतोय. ‘हॅम्लेट’च्या पहिल्याच अंकात नायक म्हणतो, मिथिंक्स मला वडील दिसतात; त्याचा मित्र होरेशिओ दचकून विचारतो, कुठे? तो म्हणतो, मनाच्या डोळ्यांपुढे. तिथे ‘आय थिंक’ घालून बघा, वाक्य पांगळं होतं. ‘मला वडील दिसताहेत असा माझा विचार आहे’ असं कोण म्हणेल? म्हणून तळटीपेतला ‘आय थिंक’ हा अर्थ अगदीच खोटा नसला तरी ढोबळ आहे. राणीच्या वाक्यातही तिला युक्तिवाद करायचा नाही, मुलानं समोर चाललेलं नाटक कसं वाटलं विचारलं म्हणून ती सहज म्हणते की त्यातली बाई जरा जास्तच आणाभाका घेतेय, असं आपलं मला वाटतं. (तिथला ‘प्रोटेस्ट’ म्हणजे शपथेवर सांगणे, निषेध नव्हे. परीक्षेत हेही विचारतात.)

मग ही बांधणी गेली कुठे? कारणं अनेक आहेत, पण मुख्य म्हणजे नामांचे विभक्तिप्रत्यय झिजले. डॅनिश व्याकरणकार येस्पर्सन यांनी यासाठी स्वतः रचलेलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. जुन्या इंग्रजीत ‘राजाला पेअर आवडले’ म्हणताना ‘राजाला’ची चतुर्थी स्पष्ट दिसायची आणि क्रियापद पेअरच्या अनेकवचनाप्रमाणे चालायचं. प्रत्यय गळाल्यावर उरलं नुसतं ‘द किंग लाइक्ड पेअर्स’. क्रियापदाआधी बसलाय म्हणून ऐकणाऱ्यांनी राजालाच कर्ता धरलं. ‘लाइक’चा मूळ अर्थ आवडणे, रुचणे असा होता, ‘मला लाइक होतं’चं ‘मी लाइक करतो’ झालं ते असं. खरा इतिहास या उदाहरणाइतका सरळ नाही, कारण सर्वनामांत ‘मी’ आणि ‘आय’ हा फरक कधी पुसलाच गेला नाही आणि ‘लाइक’ची जुनी बांधणी प्रत्यय गेल्यावरही बराच काळ टिकून होती. तरी दिशा तीच.

‘मिथिंक्स’ टिकलं ते मात्र याच सर्वनामामुळे, असं माझं मत आहे. ‘मी’ला कितीही आधी बसवा, तो ‘आय’ दिसत नाही. त्यातून बोलता बोलता मधेच टाकायचा तुकडा म्हणून तो घट्ट झाला, जसं आपलं ‘बहुधा’ किंवा ‘म्हणे’. ‘म्हणे’कडे तरी कुठे आज आपण क्रियापद म्हणून बघतो? घट्ट झालेले तुकडे व्याकरण बदललं तरी तसेच राहतात. ‘हिम थिंक्स’, ‘अस थिंक्स’ मेले, ‘मिथिंक्स’ आणि ‘मिथॉट’ उरले.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘मूळ’ म्हणजे तुम्ही काय धरता यावर अवलंबून आहे. शब्दाचं मूळ विचारत असाल तर नाही. ‘वाटणे’ आणि ‘थ्युन्कन’ यांचा धातू एक नाही. बांधणीचं विचारत असाल तर जरा जपून. ज्याला काही रुचतं तो चतुर्थीत, हा नियम पाणिनीनं ‘रुच्यर्थानां प्रीयमाणः’ या सूत्रात सांगितला आहे आणि त्याचं परंपरेतलं उदाहरण आहे ‘देवदत्ताय रोचते मोदकः’. म्हणजे आपल्या बाजूलाही ही बांधणी जुनी आहे आणि संस्कृत-इंग्रजी दूरच्या नात्यातल्या. इथवर मोह होतो. पण मराठीत ही बांधणी जितकी पसरली आहे (मला भूक लागते, मला राग येतो, मला जमतं, मला आठवतं), तितकीच ती शेजारच्या कन्नडमध्येही आहे: ‘ननगे अनिसुत्तदे’, शब्दशः ‘मला वाटतं’. कन्नड तर वेगळ्याच कुळातली. तेव्हा आपल्याकडच्या भरभराटीला शेजारही कारणीभूत आहे, नुसता वंश नाही. साम्य दिसलं की नातं जोडायची घाई करू नका. साम्याचा उपयोग समजून घेण्यापुरता करा, आणि तिथे मराठी माणूस लंडनच्या विद्यार्थ्याच्या एक पाऊल पुढे आहे. त्याला ‘चतुर्थीतला अनुभव घेणारा’ हे तासभर समजवावं लागतं, तुम्हाला ‘मला वाटतं’ म्हटलं की झालं.

स्वतः पडताळून बघायचं असेल तर तीन कोश पुरे. सगळ्यात जुन्या रूपांसाठी बॉसवर्थ-टॉलर यांचा अँग्लो-सॅक्सन कोश, मुख्य खंड 1898 चा. मधल्या काळासाठी मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश कोश, 2001 मध्ये पुरा झालेला. हे दोन्ही इंटरनेटवर मोफत आहेत. मग ऑक्सफर्डचा मोठा कोश. त्याला पैसे पडतात, पण विद्यापीठाच्या ग्रंथालयातून बहुधा मिळेल. कोश उघडलात की व्याख्या वाचत बसू नका, खालची उदाहरणं सनावळीनं वाचा. ‘थिंक’ या नोंदीखाली दोन वेगळी क्रियापदं क्रमांक देऊन मांडलेली दिसली की समजा, योग्य पानावर आहात.

परीक्षेत लिहायचं झालं तर एवढं पुरे: हे अकर्तृक (म्हणजे ज्याला कर्ता नसतो असं) क्रियापद आहे, ‘मी’ चतुर्थीत आहे, ‘थिंक’ हा ‘वाटणे’ अर्थाच्या जुन्या ‘थ्युन्कन’पासून आलेला आहे, ‘विचार करणे’वाल्या ‘थेन्कन’पासून नव्हे, आणि ‘एस’ तृतीयपुरुषी एकवचनाचा. पुढे आल्फ्रेडचं वाक्य जोडलंत तर तपासणारा खूश होईल.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय की आजच्या इंग्रजीत हा शब्द वापरला तर चालेल का. थट्टेत चालतो, इंग्रजही तसाच वापरतात. फक्त हल्ली काही जण लिहितात तसं ‘आय मिथिंक्स’ लिहू नका. त्याचं मराठी ‘मी मला वाटतं’ असं होतं.